लक्ष्मीबाई टिळक : धर्मांतर आणि घरचे माणूस



धर्मांतराचा विषय निघाला की आपली नजर नागपूरकडे वळते, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्याच अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात सव्वाशे वर्षांपूर्वी एका स्त्रीने धर्मांतराची जी किंमत मोजली, तिची कहाणीही आपण समजून घेतली पाहिजे. स्वतःच्या विवेकाप्रमाणे धर्म निवडणे हा माणसाचा हक्क आहे. पण तो बजावताना घरातले माणूस उघड्यावर पडत असेल, तर काय करावे?

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे, गोखले या ब्राह्मण घराण्यात झाला. वडिलांना सोवळ्याचे वेड होते. बाजारातून आणलेले मीठदेखील धुतल्याशिवाय घरात येत नसे. विटाळाच्या धाकाने लेकरांचे बालपण कोंडून गेले. आमच्या वाडवडिलांना याच विटाळाने गावकुसाबाहेर ठेवले. दोन्ही दुःखे सारखी नव्हेत, पण मूळ एकच, हे ध्यानात घ्या.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी, विद्वान आणि मनस्वी. मनात आले की घर सोडून निघत. मागे पत्नीचे काय होईल, याचा हिशेब नसे. पुढे ख्रिस्ताच्या शिकवणुकीने ते भारले गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्या विवेकाशी ते प्रामाणिक राहिले, हे निःसंशय. पण त्या दिवशी लक्ष्मीबाई नवरा असून एकट्या झाल्या. पदरी लहानगा दत्तू, हाती पैसा नाही, अक्षरज्ञान जेमतेम. नातेवाइकांच्या आधाराने पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी त्यांनी दिवस काढले. स्वातंत्र्य एकाचे आणि वनवास दुसऱ्याचा, असा हा प्रकार झाला.

१८६६ च्या एका कायद्याने, धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडलेल्या ख्रिस्ती व्यक्तीला कोर्टात जाऊन विवाह रद्द करून घेता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. त्यांनी वाट पाहिली. सुमारे साडेचार वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या, त्या आपला धर्म सोबत घेऊनच. एका संसारात वेगळी चूल, वेगळे पाणी सुरू झाले. टिळकांनी जबरदस्ती केली नाही.

आणि मग बाईंनी स्वतः विचार केला. जात देवाने केली की माणसाने? माणसानेच केली, असे त्यांना पटले. ज्या दिवशी पटले त्या दिवसापासून त्यांनी शिवाशिव टाकली. तोवर त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर घेतला. आधी मन मोकळे झाले, मग नाव बदलले. पुढे त्यांनी टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हाती घेऊन पुढे नेले आणि ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिले. १९३६ साली त्यांचे निधन झाले. शाळेत न गेलेल्या या बाईंचे पुस्तक आज मराठीतील थोर ग्रंथांत गणले जाते.

वाचकहो, आता बाबासाहेबांची रीत पाहा. आपल्या कोपरगावला लागून असलेल्या येवल्यात त्यांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. त्यांना एकट्याला धर्म बदलणे केव्हाही शक्य होते. पण १९३६ साली मुंबईत परिषद भरवून त्यांनी आपल्या लोकांना धर्मांतराचा अर्थ समजावला, धर्मांचा अभ्यास केला आणि एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, पत्नीसह दीक्षा घेऊन लाखो लोकांना बरोबर नेले. तरीही किंमत चुकली नाही. अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना मिळण्यास १९९० साल उजाडले. सुरक्षितता गमावण्याची तयारी ठेवूनच आपल्या माणसांनी स्वातंत्र्य घेतले.

आपल्या संविधानाच्या २५ व्या कलमाने सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य सर्वांना दिले आहे. त्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा घातली आहे. गावाची नाराजी किंवा भावकीचा संकोच ही मर्यादा नव्हे. म्हणून गावाच्या भीतीने कोणी आपला विचार गिळू नये.

पण हाच नियम घरातही लागू आहे. तुमच्या म्हाताऱ्या आईने देव्हाऱ्यातला खंडोबा अजून ठेवला असेल, तर तो हिसकावून नदीत टाकू नका. तिच्याजवळ बसा. तिला वाचून दाखवा, प्रश्न विचारू द्या, वेळ द्या. सून माहेरच्या रीतीने उपवास धरत असेल, तर तिची टिंगल करू नका. आपला आग्रह सोडायचा नाही, पण माणूसही सोडायचे नाही. लक्ष्मीबाईंची शिवाशिव कोणाच्या हुकमाने सुटली नाही. ती त्यांच्या स्वतःच्या विचाराने सुटली, आणि म्हणूनच ती परत आली नाही.