जे. आर. आर. टॉल्किन : चार मित्र आणि एक कादंबरी



नाथमाधवांच्या ‘वीरधवल’मुळे अद्भुतरम्य कादंबरी मराठी वाचकाला अपरिचित राहिलेली नाही. विसाव्या शतकात या प्रकाराला जगभर नवे वळण दिले ते ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या इंग्रजी कादंबरीने. भिन्न वंशांचे, प्रसंगी परस्परांविषयी साशंक असलेले नऊ जण अंधाराच्या सत्तेविरुद्ध एकत्र येतात, हे तिचे कथासूत्र. कुमारवयीन वाचकांसाठी पुढे लिहिल्या गेलेल्या असंख्य कादंबऱ्यांनी ते उचलले. या कादंबरीचे कर्ते जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन यांचा जीवनपट अभ्यासताना तुम्ही विशेष लक्ष द्यावे ते त्यांच्या तारुण्यातील एका मित्रमंडळाकडे.

टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. आई मुलांना घेऊन इंग्लंडला आलेली असताना, १८९६ मध्ये, वडील आफ्रिकेतच वारले. बर्मिंगहॅमजवळील सेअरहोल या खेड्यात आईनेच मुलाला लॅटिन शिकवले, झाडाझुडपांची ओळख करून दिली. १९०४ मध्ये मधुमेहाने तीही गेली. बारा वर्षांचा रोनाल्ड आणि त्याचा धाकटा भाऊ यांचे पालकत्व फादर फ्रान्सिस मॉर्गन या कॅथलिक धर्मगुरूंनी स्वीकारले.

बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड्स शाळेत टॉल्किन, ख्रिस्तोफर वाइझमन, रॉबर्ट गिल्सन आणि जेफ्री बेश स्मिथ या चौघांची गट्टी जमली. शाळेच्या ग्रंथालयात चोरून चहा करणे आणि जवळच्या बॅरोज स्टोअर्समध्ये गप्पा मारणे, एवढाच आरंभी मंडळाचा कार्यक्रम होता. म्हणून नावही ‘टी क्लब’. परंतु या गप्पांतूनच आपण चौघांनी मिळून जगाला काही द्यावयाचे आहे, अशी भावना त्यांच्या मनात रुजली. डिसेंबर १९१४ मध्ये, महायुद्ध सुरू झालेले असताना, चौघे लंडनमध्ये वाइझमनच्या घरी भेटले. आपल्याला कवी व्हावयाचे आहे हे टॉल्किन यांना त्या भेटीनंतर उमगले.

मार्च १९१६ मध्ये एडिथ ब्रॅट यांच्याशी विवाह करून जूनमध्ये ते संदेशवहन अधिकारी म्हणून फ्रान्सला गेले. १ जुलै रोजी सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी गिल्सन मारला गेला. खंदकांत उवांमुळे पसरणाऱ्या ज्वराने आजारी पडलेले टॉल्किन नोव्हेंबरमध्ये मायदेशी परतले. डिसेंबरच्या आरंभी तोफगोळ्याच्या जखमांनी स्मिथ गेला. मृत्यूपूर्वी त्याने टॉल्किन यांना एक पत्र लिहिले होते. आपण उरलो नाही तरी आपल्याला जे सांगावयाचे होते ते तू सांगावेस, असा त्याचा आशय होता. चौघांपैकी दोघे उरले. १९१८ मध्ये स्मिथच्या कवितांचा छोटा संग्रह निघाला, त्याला टॉल्किन यांनी प्रास्ताविक टिपण लिहिले.

युद्धानंतरचे त्यांचे बाह्य जीवन घटनाशून्यच म्हणावे लागेल. ऑक्सफर्ड शब्दकोशाचे काम, लीड्स विद्यापीठ आणि १९२५ पासून ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापकपद. तुम्ही ‘लीळाचरित्रा’तील एखाद्या शब्दाचे मूळ शोधता, तेच काम ते ‘बेवुल्फ’च्या संदर्भात करीत. त्यांनी स्वतः भाषाही रचल्या, आणि त्या भाषांना बोलणारे लोक हवेत म्हणून कथा आल्या. उत्तरपत्रिका तपासताना सापडलेल्या एका कोऱ्या पानावर त्यांनी ‘द हॉबिट’चे पहिले वाक्य लिहिले. हे पुस्तक १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी प्रकाशक स्टॅन्ली अनविन यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाकडून, रेनरकडून, एक शिलिंग देऊन अभिप्राय मागवला होता. त्याच रेनरने प्रौढपणी वडिलांना तोट्याची शक्यता कळवूनही ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ छापण्याचा आग्रह धरला.

त्या कादंबरीचे लेखन डिसेंबर १९३७ मध्ये सुरू झाले आणि अध्यापन, संसार, दुसरे महायुद्ध यांतून वाट काढीत सुमारे बारा वर्षे चालले. सी. एस. लुइस या मित्राचा तगादा नसता तर ते पूर्ण झाले नसते, हे टॉल्किन स्वतःच मान्य करीत. पहिला खंड १९५४ मध्ये निघाला तेव्हा त्यांचे वय बासष्ट होते.

येथे एका सावधगिरीची गरज आहे. अंगठी म्हणजे अणुबाँब, अंधाराचा अधिपती म्हणजे हिटलर, असे अर्थ अनेकांनी लावले. टॉल्किन यांनी ते निःसंदिग्धपणे नाकारले. रूपककथा त्यांना मुळातच नापसंत होती. मात्र मृतांच्या दलदलीच्या वर्णनावर सोमनंतरच्या उत्तर फ्रान्सची छाया आहे, आणि सॅम हे पात्र युद्धात पाहिलेल्या साध्या शिपायांवरून सुचले, हे त्यांनीच सांगितले आहे. तेव्हा अनुभव कादंबरीत आहे. पण कोड्याच्या उत्तरासारखा नाही.

आता कथानकाकडे या दृष्टीने पाहा. नऊ जणांमध्ये फ्रोडो, सॅम, मेरी आणि पिपिन हे चार मित्र एकाच गावाकडचे आहेत. कादंबरीत हे चौघेही जिवंत परततात. ऐन क्षणी फ्रोडोला अंगठी अग्नीत टाकता येत नाही. ती दुसऱ्याच्याच हातून पडते. गाव वाचते, पण त्याची जखम भरत नाही आणि तो गावात राहू शकत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते कादंबरीचे मोठेपण तिच्यातील लढायांत नसून या परतीत आहे. चौघांना परत आणणाऱ्या लेखकाने परत येणे सोपे मात्र केलेले नाही.

२ सप्टेंबर १९७३ रोजी बोर्नमथ येथे टॉल्किन यांचे निधन झाले. ज्या पुराणकथा त्यांनी १९१६-१७ च्या हिवाळ्यात, आजारातून सावरताना, लिहावयास घेतल्या होत्या, त्या छप्पन्न वर्षांनंतरही अपूर्णच होत्या. त्यांची जुळवाजुळव करून १९७७ मध्ये त्या ‘द सिल्मरिलियन’ या नावाने प्रसिद्ध केल्या त्यांच्या मुलाने. वाइझमन या मित्राच्या नावावरून त्याचे नाव ख्रिस्तोफर ठेवले होते.