कर्मवीर भाऊराव पाटील : पंगतीतून उभी राहिलेली शाळा

हातकणंगले तालुक्यातील कुंभोज हे गाव जैन समाजाला परिचित आहे ते जवळच्या बाहुबली डोंगरामुळे. याच कुंभोजला, आपल्या आजोळी, भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी झाला. घराण्याचे मूळ कर्नाटकातील मूडबिद्रीचे. पुढे हे दिगंबर जैन कुटुंब वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थिरावले. वडील पायगोंडा महसूल खात्यात कारकून होते व बदलीच्या निमित्ताने गावोगाव फिरत असत. आई गंगाबाई धर्मपरायण होत्या. घरात व्रतवैकल्ये होती, सूर्यास्तापूर्वीचे भोजन होते, आणि त्या काळच्या बहुतेक घरांप्रमाणे सोवळे-ओवळेही होते.

लहानपणीची एक हकीगत त्यांच्या जवळपास सर्वच चरित्रांत आढळते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना गावच्या विहिरीचे पाणी शेंदू देत नाहीत, त्यांना कोणी वाढेपर्यंत ताटकळत उभे राहावे लागते, हे पाहून या मुलाने विहिरीवरचा रहाटच मोडून टाकला. प्रसंग लहान आहे आणि थोरांच्या बालपणी असे प्रसंग मागाहून अधिक ठळक होत असतात, हेही खरे. परंतु पुढील पन्नास वर्षांचे आयुष्य त्याच्याशी सुसंगत राहिले, म्हणून तो सांगण्याजोगा ठरतो.

प्राथमिक शिक्षण विट्यासारख्या ठिकाणी झाल्यावर भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने त्या नगरीत जातीजातींची वसतिगृहे उभी राहत होती. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना 1899 मध्ये झाली होती आणि कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमुळे खेड्यापाड्यांतील शेतकरी जैन कुटुंबांची मुले प्रथमच इंग्रजी शाळेपर्यंत पोहोचत होती. शाळा शहरात, मूल खेड्यात आणि बापाच्या गाठीला खानावळीचे पैसे नाहीत, हे शिक्षणाच्या वाटेवरचे पहिले कुलूप होते. ते उघडण्याची किल्ली म्हणजे वसतिगृह, हे आपल्या समाजातील धुरिणांनी फार लवकर ओळखले होते. भाऊराव या बोर्डिंगचेच विद्यार्थी होते.

आणि याच बोर्डिंगमधून त्यांना बाहेर पडावे लागले. 1908 मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे, मगच आत यावे, असा आग्रह धरण्यात आला. भाऊरावांनी स्नान करण्यास नकार दिला आणि त्यांचे नाव वसतिगृहातून कमी झाले. आश्रय मिळाला तो शाहू महाराजांकडे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत हा प्रसंग टाळणे सोपे आहे. परंतु तो टाळला तर भाऊरावांचे पुढील कार्य समजतच नाही. वसतिगृहाचे सामर्थ्य त्यांनी आतून अनुभवले होते आणि त्याची मर्यादा उंबरठ्याबाहेर उभे राहून. त्यांनी वसतिगृह ही कल्पना सोडली नाही. तिचा उंबरठा तेवढा काढून टाकला.

अभ्यासात ते फार पुढे गेले नाहीत. मॅट्रिकची परीक्षा त्यांनी कधीच उत्तीर्ण केली नाही. साताऱ्यास शिकवण्या घेऊन ते उदरनिर्वाह करू लागले. दुधगाव येथे काही सहकाऱ्यांसमवेत सर्व जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम काढण्याचा पहिला प्रयत्नही याच काळातला.

1914 मध्ये कोल्हापुरात सातव्या एडवर्ड बादशहाच्या पुतळ्याला डांबर फासले गेले. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. लठ्ठे हे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीतील अग्रणी. ज्या संस्थाजीवनाने भाऊरावांना दूर केले होते त्याचेच ते एक आधारस्तंभ. मनात सूड असता तर तो उगवण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी तुरुंगवास सोसला, छळ सोसला, यातना असह्य होऊन जीव देण्याचाही प्रयत्न केला. पण खोटी साक्ष दिली नाही. सत्य अणुव्रत पोथीत वाचणे निराळे आणि कोठडीत पाळणे निराळे. उत्तम क्षमेचे याहून बोलके उदाहरण आपल्या परिसराच्या अलीकडच्या इतिहासात शोधावे लागेल. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहाला त्यांनी शाहू महाराजांचेच नाव दिले, यावरून कोल्हापूर दरबाराविषयीही त्यांच्या मनात कटुता उरली नव्हती असे दिसते.

सुटकेनंतर ते किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते झाले. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याला नांगर विकणे सोपे नव्हते. त्यासाठी बांधावर बसावे लागे, त्याच्या भाकरीत वाटेकरी व्हावे लागे, त्याचे कर्ज आणि त्याची पोरे यांची विचारपूस करावी लागे. या भ्रमंतीत भाऊरावांना खेडे कळले. शाळा जेथे होती तेथेही ती शेतकऱ्याच्या मुलाची नव्हती. पेरणी-काढणीला मूल शेतात, एरवी गुरांमागे. चौथीनंतर पुढची शाळा तालुक्याला. शिक्षक बहुधा परगावचा, गावाशी न मिसळणारा. अस्पृश्य मूल वर्गाच्या बाहेर. महात्मा फुले यांनी 1882 मध्येच हंटर आयोगापुढे दाखवून दिले होते की, सरकारचा शिक्षणावरील पैसा शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि वरच्या वर्गांच्या मुलांवर खर्च होतो. बाराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे, असेही त्यांनी सुचविले होते. 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते फेटाळले गेले. कोल्हापूर संस्थानात मात्र 1917 मध्ये शाहू महाराजांनी सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले. ब्रिटिश मुलखातील सातारा जिल्ह्याला असा राजा नव्हता.

सत्यशोधक चळवळीच्या वातावरणात, कराड तालुक्यातील काले या गावी 4 ऑक्टोबर 1919 रोजी, विजयादशमीच्या सुमुहूर्तावर रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. रयत म्हणजे शेतसारा भरणारा सामान्य माणूस. ज्याच्या पैशातून शाळा चालते त्याच्याच मुलाला ती मिळावी, हा फुल्यांचा विचार त्या एका शब्दात सामावला होता. 1924 मध्ये संस्थेचे कार्य साताऱ्यास हलले व तेथे वसतिगृह सुरू झाले.

या वसतिगृहात ब्राह्मण, मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग अशा सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, पाळीपाळीने स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. आज हे वाक्य सहज लिहिता येते. त्या दिवसांत या एका पंगतीमुळे देणगीदार पाठ फिरवीत आणि पालक आपली मुले परत नेत. पण भाऊरावांनी पंगत मोडली नाही. शाळेत शेजारी बसून जे साधत नाही ते ताटाला ताट लावून साधते, अशी त्यांची धारणा होती.

या पंगतीचा खरा भार कोणी वाहिला, हे विसरता कामा नये. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई कर्मठ जैन संस्कारांत वाढलेल्या. आपल्या स्वयंपाकघरात कोणत्या जातीचे मूल वावरते, हा त्यांच्या दृष्टीने आरंभी मोठाच प्रश्न असणार. पतीच्या आग्रहाखातर नव्हे, तर समोरच्या उपाशी पोराकडे पाहून त्यांनी तो सोडविला असावा, असे त्यांचे पुढचे वागणे सांगते. मुलांचे आजारपण, फाटके कपडे, सणावाराचे गोडधोड हे सारे त्यांनी आईच्या मायेने केले. वसतिगृह चालविण्यासाठी त्यांचे दागिने एकेक करून गेले. भाऊराव परगावी असताना एकदा कोठीतले धान्य संपले, तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी काढून दिले. सौभाग्यवती स्त्रीने तसे करणे ही त्या काळी किती कठीण गोष्ट होती, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया अधिक चांगले सांगू शकतील. आपल्या परंपरेत आहारदान आणि शास्त्रदान ही दोन निरनिराळी दाने मानली आहेत. या माउलीने एका ताटात दोन्ही वाढली. 1930 मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेचा विस्तार पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले एकत्र नांदताना पाहून गांधीजींना मोठे समाधान वाटले. खादी तर भाऊरावांनी स्वीकारलीच. पण वाढलेली दाढी, घोंगडी, हातातली काठी आणि अनवाणी पाय या रूपातच लोक त्यांना ओळखू लागले. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

देणग्यांवर विसंबून राहिल्यास देणाऱ्याच्या अटी मान्य कराव्या लागतात, हे अण्णांनी ओळखले होते. म्हणून विद्यार्थ्याने श्रम करून शिकावे, ही रीत त्यांनी पाडली. मुले पडीक जमीन लागवडीखाली आणीत, लाकडे फोडीत, दगड वाहून स्वतःच्या इमारती उभारीत. गावोगाव सुगीत धान्य गोळा केले जाई. 1940 मध्ये साताऱ्यास सुरू झालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कूलमध्ये कमवा आणि शिका ही योजना पद्धतशीरपणे राबविली गेली. गरिबाच्या मुलाला शिक्षण भिकेसारखे वाटू नये, हा तिच्यामागचा हेतू. राबणाऱ्या मुलाचा अभ्यासाचा वेळ श्रमात जातो, असा आक्षेप घेतला जाई, आणि तो अगदीच निराधार नव्हता. परंतु त्या मुलांपुढे दुसरा पर्याय शाळेत न जाण्याचा होता, ही गोष्ट आक्षेपकांच्या ध्यानात येत नसे. याच वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

खेड्यात शाळा काढली तरी तेथे टिकणारा शिक्षक कोठून आणावा? या प्रश्नाला उत्तर म्हणून 1935 मध्ये साताऱ्यास अध्यापक विद्यालय निघाले. पंचम जॉर्ज बादशहाच्या रौप्यमहोत्सवाचे ते वर्ष. त्यामुळे विद्यालयाला सिल्व्हर ज्युबिली हे नाव मिळाले. बादशहाच्या पुतळ्यावरील डांबरापायी तुरुंग भोगलेल्या माणसाने बादशहाच्या उत्सवाचे नाव आपल्या विद्यालयाला द्यावे, यातील विनोद अण्णांच्याही ध्यानात आला असेल. खेड्यातील मुलेच शिक्षक होऊन खेड्यात परतावीत, ही त्यांची योजना होती. पुढे या विद्यालयाला महात्मा फुल्यांचे नाव देण्यात आले.

1937 नंतर, प्रांतिक काँग्रेस सरकारच्या काळात, व्हॉलंटरी शाळांची योजना आली. जेथे लोकल बोर्डाची शाळा पोहोचत नव्हती, अशा लहान वाड्यावस्त्यांवर संस्थेने देवळात, चावडीत, प्रसंगी झाडाखाली एकशिक्षकी शाळा भरविल्या. त्यांची संख्या 578 पर्यंत गेली. शिक्षकाला मिळणारे वेतन तुटपुंजे आणि तेही वेळेवर मिळेलच असे नसे. या शाळांची थोरवी गाताना त्या अनामिक गुरुजींच्या घरची चूल आठवली पाहिजे. पुढे या शाळा सरकारी यंत्रणेकडे सुपूर्द झाल्या. जी जबाबदारी मुळात राज्याची होती ती राज्याने स्वीकारली, याला अण्णांचा विरोध नव्हता.

1947 मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने 101 हायस्कूल काढण्याचा संकल्प अण्णांनी सोडला. पण याच सुमारास त्यांच्या स्पष्टोक्तीमुळे स्वराज्यातील सरकारचा रोष ओढवला आणि संस्थेचे अनुदान थांबले. परक्या सरकारच्या काळात तग धरलेल्या शाळा आपल्याच सरकारच्या काळात बंद पडण्याची वेळ आली. वसतिगृहांत अन्नाची भ्रांत पडली. तेव्हा संत गाडगे महाराज पुढे आले. खापर आणि खराटा एवढीच संपत्ती असलेल्या त्या साधूने अण्णांसाठी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. कराड येथे 1954 मध्ये काढलेल्या महाविद्यालयाला अण्णांनी गाडगे महाराजांचे नाव दिले.

सार्वजनिक शाळा जनतेची असली, तरी तिचा श्वास एका सहीवर अवलंबून असतो, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. संविधानाने 1950 मध्ये, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे म्हटले. त्या अपेक्षेला हक्काचे रूप देणारा कायदा अंमलात आला तो 2010 मध्ये. दरम्यानच्या साठ वर्षांत पश्चिम महाराष्ट्रातील कितीतरी घरांतले पहिले शिकलेले माणूस रयतच्या शाळेत शिकले. त्यात आपल्या समाजातील शेतकरी कुटुंबेही आहेत. संस्थेच्या शाखा आता सातशेहून अधिक आहेत.

जानेवारी 1959 मध्ये भारत सरकारने अण्णांना पद्मभूषण देऊन गौरविले. तोवर त्यांची प्रकृती ढासळली होती. एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने, मॅट्रिकही न झालेल्या या गृहस्थाला, डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 9 मे 1959 रोजी, पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यामागे शेकडो शाळा, तीन महाविद्यालये आणि अडतीस वसतिगृहे होती, आणि त्या वसतिगृहांत पंगती बसत होत्या.