साठ्याकडून प्रवाहाकडे : ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावर चांदीची एक चिमुकली आगगाडी आहे. ती विजेवर धावत असे. मद्य आणि सिगार घेऊन ती पाहुण्यांसमोरून फिरे. कोणी सुरई उचलली की जागीच थांबे. महाराज माधवराव शिंदे यांची ओळख पुष्कळांना या खेळण्यापुरतीच असते. वस्तुतः साठलेल्या शक्तीला कामाला जुंपणे, हे त्यांच्या कारकिर्दीचे सूत्र होते.

२० ऑक्टोबर १८७६ रोजी जन्मलेले माधवराव १८८६ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी गादीवर आले. वडील जयाजीरावांनी अपार धन तळघरांत साठवून ठेवले होते. मुलाच्या अल्पवयीन काळातच या खजिन्यातून साडेतीन कोटी रुपये हिंदुस्थान सरकारला कर्जाऊ दिले गेले. १८९४ मध्ये संपूर्ण अधिकार हाती येताच, या धनाचे पुढे काय करायचे हा प्रश्न तरुण महाराजांसमोर उभा राहिला.

पहिले उत्तर रेल्वेचे होते. दोन फूट रुंदीच्या रुळांवरील ग्वाल्हेर लाइट रेल्वेने भिंड, शिवपुरी आणि पुढे श्योपूर ही दूरची गावे राजधानीशी जोडली.

दुसरे उत्तर अधिक धाडसाचे होते. जमशेटजी टाटा १९०४ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांच्या पोलाद आणि जलविद्युत या दोन्ही योजना अपूर्ण होत्या. पोलाद कारखान्यासाठी लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना. १९०७ मध्ये सुमारे आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत भागभांडवल उभे केले. पुढे खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे काढण्यात आले, ते सर्वच्या सर्व माधवरावांनी एकट्याने घेतले. कारखाना तेव्हा उभा राहायचा होता, पोलादाचा एक तुकडाही तयार झालेला नव्हता.

या व्यवहाराने एक गोष्ट सिद्ध झाली : मोठ्या उद्योगाला लागणारा पैसा देशातच होता, केवळ तो निजलेला होता. १९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली, तिचे भांडवलही भारतातच उभे राहिले. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पावसाचे पाणी अडवून ते पाइपांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडण्यात आले. १९१५ पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. उंचावर अडवलेले पाणी काय आणि तळघरातले धन काय, वाट मिळेपर्यंत दोन्ही निरुपयोगीच.

मात्र साठवलेली शक्ती घातही करते, हे ग्वाल्हेरला लवकरच कळले. शहराजवळ सांक नदीवर तिघरा धरण बांधण्यात आले. खडकवासल्याला प्रथम बसवलेले विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे येथेही होते. तरीही ऑगस्ट १९१७ मधील महापुरात पायाच्या खडकथरांत पाणी शिरले आणि धरण फुटले. खालच्या गावांत मोठी प्राणहानी झाली. दरवाजे कितीही कुशल असले, तरी पाया दुबळा असेल तर ते व्यर्थ, हा धडा राज्याने फार मोठी किंमत देऊन घेतला. धरण पुन्हा बांधले गेले, पण ते महाराजांच्या मृत्यूनंतर.

या आपत्तीनंतरही उद्योगांचा आग्रह सुटला नाही. १९२१ मध्ये ग्वाल्हेरला बिर्लांची कापडगिरणी सुरू झाली, तिला जयाजीरावांचे नाव देण्यात आले. संचय करणाऱ्या पित्याचे नाव असे यंत्रांच्या घरघरीशी जोडले गेले.

गोमंतकाशी माधवरावांचे नाते सोयरिकीचे होते. त्यांच्या द्वितीय पत्नी गजराराजे या गोव्याच्या राणे घराण्यातील. त्यांचेच पुत्र जिवाजीराव हे पुढे ग्वाल्हेरचे अखेरचे राज्यकर्ते ठरले. ५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये माधवरावांचे निधन झाले, तेव्हा ते पन्नाशीही गाठू शकले नव्हते. शिवपुरी येथे मातोश्रींच्या छत्रीसमोरच त्यांची संगमरवरी छत्री आहे.

संस्थान विलीन झाले, राज्ये बदलली. चंबळेवर गांधीसागर धरण झाले आणि १९६० मध्ये तेथे ११५ मेगावॅटचे वीजकेंद्र सुरू झाले. आज मध्य प्रदेशातील विंध्याचल औष्णिक केंद्राची क्षमता ४,७६० मेगावॅट आहे. स्वतःची मोठी वीजकेंद्रे नसलेल्या गोव्यालाही तेथील विजेचा वाटा मिळतो. जमिनीखालचा कोळसा असो वा घाटावरचे पाणी, त्याला वाट करून देण्यासाठी आधी कोणीतरी आपली तिजोरी उघडावी लागते. ती उघडताना माधवरावांनी नफ्याची खात्री होईपर्यंत वाट पाहिली नाही, हेच त्यांचे मोठेपण.