निसर्गदत्त महाराज

निसर्गदत्त महाराज (मूळ नाव : मारुती शिवरामपंत कांबळी, जन्म : मुंबई, १७ एप्रिल १८९७, निधन : मुंबई, ८ सप्टेंबर १९८१) हे नवनाथ परंपरेतून आलेल्या इंचगिरी संप्रदायाचे सत्पुरुष आणि अद्वैत तत्त्वज्ञानाचे विवरणकार होते. गिरगावालगतच्या खेतवाडीत विडीचे दुकान चालवून त्यांनी प्रपंच केला आणि राहत्या घराच्या पोटमाळ्यावरच आयुष्यभर ज्ञानमार्गाचा उपदेश दिला. त्यांनी स्वतःसाठी मठ किंवा आश्रम उभारला नाही.

बालपण व पूर्वायुष्य

महाराजांचा जन्म हनुमान जयंतीच्या दिवशी झाल्यामुळे त्यांचे नाव मारुती ठेवण्यात आले. वडील शिवरामपंत मुंबईत घरकामाची नोकरी करीत. पुढे ते कांदळगाव (त्या वेळचा रत्नागिरी, आताचा सिंधुदुर्ग जिल्हा) येथे शेती करू लागले. मारुतीचे बालपण दोन भाऊ व चार बहिणींसह तेथेच गेले. आईचे नाव पार्वतीबाई. घरातील वातावरण भाविक होते.

१९१५ साली वडिलांचे निधन झाले. कोकणातील असंख्य कुटुंबांप्रमाणे या कुटुंबाचाही आधार मुंबईची कमाई हाच होता. १९१८ मध्ये मारुती थोरल्या भावामागोमाग मुंबईत आले. प्रारंभी त्यांनी एका कचेरीत कारकुनी केली. नंतर किरकोळ मालाचे आणि विडीचे दुकान काढले. धंदा वाढून दुकानांची संख्या आठवर गेली. १९२४ साली त्यांचा विवाह सुमतीबाई यांच्याशी झाला. त्यांना तीन मुली व एक मुलगा झाला.

गुरुपरंपरा

इंचगिरी संप्रदाय आपली परंपरा नवनाथांपैकी रेवणनाथांपर्यंत नेतो. कोल्हापूरजवळील कणेरीच्या सिद्धगिरी मठातील काडसिद्धेश्वर हे या परंपरेचे मोठे पीठ होय. तेथून लाभलेला उपदेश निंबर्गीचे नागप्पा ऊर्फ निंबर्गी महाराज यांच्याकडे आला. ते जातीने लिंगायत आणि व्यवसायाने रंगारी होते. त्यांचे शिष्य भाऊसाहेब महाराज उमदीकर (१८४३–१९१४) हे देशस्थ ब्राह्मण होते. त्यांनी विजापूर भागातील इंचगिरी येथे मठ स्थापन केला आणि त्यावरून संप्रदायाला नाव मिळाले. कन्नड व मराठी या दोन्ही भाषा बोलणाऱ्या सीमाभागात हा पंथ वाढला. तत्त्वज्ञ गुरुदेव रा. द. रानडे हेही भाऊसाहेबांचेच शिष्य होत.

भाऊसाहेबांचे दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६) यांचा जन्म सोलापूर जिल्ह्यातील पाथरी येथे झाला. विजापुरात एका व्यापारी पेढीवर ते हिशेबनीस होते. भाऊसाहेबांनी नामस्मरण व दीर्घ ध्यान यांवर भर दिला होता. गुरूंच्या निधनानंतर काही वर्षांनी सिद्धरामेश्वरांनी विवेक व आत्मविचाराचा मार्ग पुढे केला. मुंगीप्रमाणे फांदीवरून सरपटत फळापर्यंत जाण्याच्या पिपीलिका मार्गाऐवजी पक्ष्याप्रमाणे थेट झेप घेणारा तो विहंगम मार्ग, अशी त्याची ओळख आहे. गुरुबंधूंपैकी काहींना हा बदल रुचला नाही. या मतभेदानंतर संप्रदायाची ज्ञानप्रधान शाखा प्रामुख्याने मुंबईत रुजली.

दीक्षा, गृहत्याग आणि पुनरागमन

१९३३ मध्ये यशवंतराव बागकर या मित्राने मारुतींना सिद्धरामेश्वरांकडे नेले. 'मी आहे' या मूळ जाणिवेकडे लक्ष ठेवावे व इतर सर्व बाजूला सारावे, हा गुरूंचा उपदेश त्यांनी प्रमाण मानला. ९ नोव्हेंबर १९३६ रोजी सिद्धरामेश्वरांचे निधन झाले. गुरूंचा सहवास त्यांना जेमतेम तीन वर्षे लाभला होता.

१९३७ साली मारुतींनी घर, दुकाने व मुलेबाळे सोडून देशभर पायी भ्रमण सुरू केले. आठ महिन्यांनंतर, १९३८ साली, ते मुंबईस परतले. निष्काम वृत्तीने केलेला प्रपंच मुक्तीच्या आड येत नाही, ही त्यांची निष्ठा याच प्रवासात दृढ झाली. परतल्यावर आठांपैकी एकच दुकान उरले होते. त्यावरच त्यांनी चरितार्थ चालविला. १९४२ ते १९४८ या काळात त्यांना पत्नी व एका मुलीच्या मृत्यूचे दुःख सोसावे लागले. तरीही दुकान, भजन व साधना यांचा नित्यक्रम चालू राहिला.

उपदेशकार्य

१९५१ पासून ते शिष्यांना नाममंत्राची दीक्षा देऊ लागले. खेतवाडीच्या दहाव्या गल्लीतील वनमाळी भवनात त्यांचे निवासस्थान होते. तेथील पोटमाळ्यावर रोज भजन व प्रश्नोत्तरे होत. १९६६ साली त्यांनी दुकानातून निवृत्ती घेतली. बैठकी मात्र अखेरपर्यंत चालू होत्या. सिद्धरामेश्वरांच्या प्रवचनांची टिपणे संपादित करून त्यांनी 'अध्यात्मज्ञानाचा योगेश्वर' हा ग्रंथ सिद्ध केला.

१९७० च्या दशकात मॉरिस फ्रीडमन यांनी त्यांच्या मराठी संवादांचे ध्वनिमुद्रण करून इंग्रजी रूपांतर केले. पोलंडमध्ये जन्मलेले हे अभियंते गांधीजींचे सहकारी होते आणि औंध संस्थानातील स्वराज्य प्रयोगातही सहभागी होते. त्यांचे 'आय अ‍ॅम दॅट' हे पुस्तक १९७३ मध्ये मुंबईच्या चेतना प्रकाशनाने काढले. त्यानंतर परदेशांतील जिज्ञासू खेतवाडीत येऊ लागले. महाराज इंग्रजी बोलत नसत. दुभाष्यांच्या मदतीने संवाद होई. त्यांत बँकर रमेश बाळसेकर यांचाही समावेश होता. मराठीत बोललेली ही शिकवण महाराष्ट्राबाहेर अशा रीतीने इंग्रजीतूनच अधिक परिचित झाली.

निधन व वारसा

घशाच्या कर्करोगाने आजारी असतानाही महाराजांनी बैठकी थांबविल्या नाहीत. वयाच्या ८५ व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे गुरुबंधू रणजित महाराज यांनी २००० सालापर्यंत मुंबईत हीच शिकवण दिली. दुसरे गुरुबंधू काडसिद्धेश्वर महाराज (निधन : २००१) हे कणेरी मठाचे अधिपती होते. परंपरेच्या मूळ पीठाच्या अधिपतींनी आणि खेतवाडीतील विडीच्या दुकानदाराने एकाच गुरूचे शिष्यत्व पत्करले. मठ व संसार या दोन्हींना एकच मार्ग खुला असल्याचा या संप्रदायाचा आग्रह त्यातून दिसतो.