सेसिलिया माकिवाने: नोंदवहीतील एक नाव

जगात एचआयव्हीबाधितांची संख्या सर्वाधिक आहे ती दक्षिण आफ्रिकेत. तिथल्या लहान सरकारी दवाखान्यांत आज औषधोपचार सुरू करते ती बहुतेक वेळा परिचारिका. तिच्या हाती ही जबाबदारी येण्यामागे एका जुन्या नोंदणीची कथा आहे.

सेसिलिया माकिवाने यांचा जन्म १८८० मध्ये केप वसाहतीतील ॲलिस गावाजवळ झाला. वडील पाद्री होते. लव्हडेल येथील मिशनच्या शाळेत शिकून त्या आधी शिक्षिका झाल्या. केप वसाहतीत १८९१ च्या कायद्याने परिचारिकांची सरकारी नोंदणी सुरू झाली होती. शिक्षण घ्यायचे, परीक्षा द्यायची, मगच नाव नोंदले जायचे. रुग्णाच्या जिवाची जोखीम कोणाकडे सोपवायची, याचे ते मोजमाप होते. मात्र कृष्णवर्णीय स्त्रियांना तसे शिक्षण मिळण्याची सोय जवळपास नव्हतीच.

लव्हडेलच्या व्हिक्टोरिया रुग्णालयात डॉ. नील मॅकव्हिकर यांनी ती सोय केली. १९०३ मध्ये सेसिलिया तिथे पहिल्या विद्यार्थिनींमध्ये दाखल झाल्या. डिसेंबर १९०७ मध्ये त्या वसाहतीच्या वैद्यकीय परिषदेची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि ७ जानेवारी १९०८ रोजी त्यांचे नाव नोंदवहीत आले. आफ्रिकेतील त्या पहिल्या नोंदणीकृत कृष्णवर्णीय परिचारिका. त्यांच्यासाठी वेगळी, सोपी परीक्षा नव्हती, हे महत्त्वाचे.

पुढे अनेक वर्षे त्यांनी लव्हडेललाच रुग्णसेवा केली. प्रकृती खालावल्याने त्यांना दीर्घ रजा घ्यावी लागली. १९१९ मध्ये थाबा न्चू येथे, चाळिशीही गाठण्याआधी, त्यांचे निधन झाले.

शतकानंतर एचआयव्हीच्या साथीने तोच प्रश्न पुन्हा उभा केला. रुग्ण लाखोंनी आणि डॉक्टर मोजके. २०१० पासून दक्षिण आफ्रिकेने प्रशिक्षित परिचारिकांना विषाणूरोधक औषधे सुरू करण्याची मुभा दिली. त्यासाठी रुग्णाला क्षयरोग आहे का ते पाहणे, औषधांचे दुष्परिणाम ओळखणे, विषाणूचे प्रमाण मोजून घेणे आणि गुंतागुंत दिसताच डॉक्टरांकडे पाठवणे, ही कौशल्ये शिकवावी लागली. औषध आयुष्यभर घ्यायचे असल्याने रुग्णाला समजावणे, हाही उपचारच. उपचार घराजवळ मिळू लागले. केवळ मनुष्यबळ वाढवून हे साधले नसते. अधिकाराआधी प्रशिक्षण हवेच होते.

एमडान्टसाने येथील मोठे सरकारी रुग्णालय आज सेसिलिया माकिवाने यांच्या नावाने ओळखले जाते.