बहिणाबाईंचं अभय

आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक १



सोळाव्या अध्यायात भगवंत दैवी संपत्तीची यादी सांगतात. त्यात पहिलं नाव अभयाचं. त्याच श्लोकात पुढे स्वाध्याय येतो आणि अगदी शेवटी आर्जव, म्हणजे सरळपणा. या तिघांचं एकमेकांशी काय नातं असेल, असा विचार करताना मला संत बहिणाबाई आठवल्या. (कवयित्री बहिणाबाई चौधरी वेगळ्या बरं का. या सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या.)

जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. वडील गावचे कुलकर्णी. खेळायच्या वयात लग्न झालं, तेही तिशीतल्या बिजवराशी. नवरा शिऊरचा पाठक, वेदपाठी आणि रागीट. पुढे कर्जापायी आणि भाऊबंदकीपायी सगळ्या कुटुंबाला गाव सोडावं लागलं. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असं भटकत ते कोल्हापूरला पोचले.

तिथे त्यांच्याकडे एक गाय आणि वासरू आलं. वासराला छोट्या बहिणाचा इतका लळा, की ते कीर्तनालाही तिच्या मागोमाग जायचं. जयरामस्वामींच्या कीर्तनात तिचं कौतुक झालं आणि गावभर चर्चा सुरू झाली. नवऱ्याला ते सहन झालं नाही. त्याने तिला बांधून मारलं. तेव्हा ती जेमतेम अकरा वर्षांची होती. पुढे ते वासरू गेलं आणि बहिणा कित्येक दिवस बेशुद्ध पडली. त्याच सुमारास तुकोबांनी तिला स्वप्नात दर्शन देऊन मंत्र दिला.

आता घरात खरं संकट उभं राहिलं. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्र म्हणवल्या जाणाऱ्या संताला गुरू मानायचं? नवरा तिला सोडून निघायच्या तयारीला लागला, आणि ती तेव्हा गरोदर होती. पण तोच आजारी पडला, तिने त्याची सेवा केली आणि हळूहळू त्याचं मन पालटलं. मग सगळे देहूला आले. तिथे प्रत्यक्ष तुकोबांचा सहवास मिळाला, आणि मंबाजीचा जाचही.

हे सगळं आपल्याला कसं कळतं? बहिणाबाईंनी स्वतः सांगितलं म्हणून. अभंगांमधून त्यांनी आपलं अख्खं आयुष्य मांडून ठेवलं आहे. ती तारीखवार रोजनिशी नाही, पण वाचताना तितकीच जवळची वाटते. आमच्या कामात सर्व्हर बंद पडला की आधी लॉग उघडतात. जे घडलं ते, घडलं त्या क्रमाने. बरं दिसावं म्हणून त्यात कोणी फेरफार करत नाही. बहिणाबाईंचं आत्मकथन मला तसं वाटतं.

त्यात मार आहे, भीती आहे. बाईच्या जन्माला आल्यामुळे वेदाचं दार बंद, मग परमार्थ साधायचा कसा, ही तळमळ आहे. आणि पतिसेवा हाच धर्म, असं सांगणारे अभंगही त्यांचेच आहेत. आतली ओढाताण त्यांनी झाकली नाही, की स्वतःला शूरवीर म्हणून रंगवलं नाही. मला वाटतं, आर्जव ते हेच. स्वतःकडे असं सरळ पाहणं हा स्वाध्याय. आणि ज्याला स्वतःपासून काही लपवायचं उरत नाही, त्याच्या मनातली भीती हळूहळू कमी होते. श्लोकातले तीन शब्द मला असे जोडलेले दिसतात.

याचा कळस त्यांच्या अखेरच्या दिवसांत दिसतो. साल १७००. मृत्यू जवळ आल्याचं ओळखून त्यांनी मुलाला, विठोबाला बोलावून घेतलं आणि आपल्या मागच्या बारा जन्मांची हकिगत सांगितली. हा तेरावा, आणि शेवटचा. जी मुलगी मार खाऊन बेशुद्ध पडली होती, तीच बाई मरणासमोर शांतपणे आपली गोष्ट पूर्ण करत होती. शिऊरला त्यांची समाधी आहे. १९२९ मध्ये जस्टिन अ‍ॅबट यांनी हे आत्मचरित्र इंग्रजीत नेलं.

आजचा स्वाध्याय छोटासा. मीही रात्री झोपण्याआधी हेच करतो. वहीत तीन ओळी लिहा: आज कशाची भीती वाटली, तेव्हा मी काय केलं, आणि उद्या त्यातलं एक छोटं पाऊल कोणतं. भाषा सुंदर नको, खरी हवी. महिनाभराने मागची पानं उलटा. तीच भीती पुन्हा पुन्हा भेटेल आणि ओळखीची होईल. ओळखीच्या भीतीशी बोलता येतं.

एक मात्र सांगतो. घरात मारहाण सोसणाऱ्या कुणी हे वाचत असतील, तर वहीवर थांबू नका. विश्वासातल्या माणसाला सांगा, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. बहिणाबाईंच्या काळात ही सोय नव्हती. आपल्या काळात आहे.

राम कृष्ण हरी!