देवभीरू, पण भित्री नव्हे

देवभीरू बाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? खाली मान घातलेली, उपासतापास करणारी, कुणाला उलटून न बोलणारी. मीही हा शब्द लहानपणापासून असाच ऐकला. पंडिता रमाबाईंचं चरित्र वाचलं आणि हे चित्र पार पुसलं गेलं. त्या देवाला भीत होत्या, म्हणूनच माणसांना भीत नव्हत्या.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. तीर्थयात्रा करत पुराणं सांगणारं हे कुटुंब दुष्काळात सापडलं. वडील, आई, थोरली बहीण एकामागून एक गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास गावोगाव पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथं विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी केलेला आंतरजातीय विवाह जेमतेम दोन वर्षं टिकला. १८८२ मध्ये पटकीनं तेही गेले. पदरात लहानगी मनोरमा. तरी त्याच वर्षी बाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये इंग्लंड गाठलं आणि २९ सप्टेंबरला वाँटेजला बाप्तिस्मा घेतला.

आता बाई चर्चचं मुकाट्यानं ऐकतील, असं तिथल्यांना वाटलं असेल. पण छे! क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, आपली संस्कृत का नको, हा त्यांचा प्रश्न. न पटलेली शिकवण त्या मान्य करीनात. आपण देवाला बांधील आहोत, बिशपांना किंवा सिस्टर्सना नव्हे, हे त्यांनी स्पष्ट कळवलं.

मला इथं बायबलमधल्या दोन सुइणी आठवतात, शिफ्रा आणि पुआ. इब्री बायकांना मुलगा झाला तर मारून टाका, असा मिसरच्या राजाचा हुकूम होता. त्या देवाला भ्यायल्या, म्हणून त्यांनी राजाचं ऐकलं नाही. देवाचं भय बाईला वाकवतं, असं आपण समजतो. इथं तर त्यानंच तिला ताठ उभं केलं!

ख्रिस्ती परंपरेत या भयाचे दोन प्रकार सांगतात. गुलामाला चाबकाचं भय असतं. लेकराला भय असतं ते आईबापाचं मन दुखावेल याचं. रमाबाईंनाही हा फरक लगेच उमगला नाही. बाप्तिस्मा झाला तरी पापाची टोचणी जाईना. सात-आठ वर्षांनी त्यांना जाणवलं, की आपण धर्म घेतला, पण क्षमा फुकट मिळते यावर विश्वास ठेवलाच नाही. शिक्षेची धास्ती तेव्हा सुटली. आदर मात्र राहिला.

तो महागही पडला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी काढलेलं शारदा सदन पुढं पुण्याला आलं. बाईंच्या प्रार्थनेला मुली बसतात म्हणून १८९३ मध्ये वादळ उठलं. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. धर्मांतराची शंका घेणाऱ्या पालकांची काळजीही समजण्यासारखी होती. पण बाईंनी प्रार्थनेचं दार लावून घेतलं नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली, विधवा केडगावला आणल्या. स्वतःची उपासमार त्या विसरल्या नव्हत्या. मुक्ती सदनात शेती, विणकाम, छपाई सगळं बायकाच करत. अंध मुलींनाही ब्रेल शिकवलं जाई. उतारवयात हिब्रू, ग्रीक शिकून बाईंनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या.

मैत्रिणींनो, लोक काय म्हणतील, सासरचे काय म्हणतील, या भीतीत आपला किती जन्म जातो! श्रद्धा कुठलीही असो, नसो. आपण नेमकं कुणाला भितो, हे एकदा स्वतःला विचारायला काय हरकत आहे?